अंगाप्रमाणे कागद
(प्रस्तावना)

जेऊरच्या पेठेत किंवा करमाळा तालुक्यातल्या कुठल्याही गावात ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे गेलात, तर मशिनीशेजारच्या खुंट्यांवर पिशव्या लटकलेल्या दिसतील. प्रत्येक पिशवीत नवे कापड, अस्तर आणि सोबत एक जुना ब्लाउज. हा मापाचा ब्लाउज. गिऱ्हाईक तो देते आणि सांगते, "ताई, मापाला ह्योच धरा, फक्त दंडात जरा सैल करा." टेप अंगाला लागत नाही, वहीत आकडे उतरत नाहीत, आणि ठरल्या दिवशी नवा ब्लाउज तयार असतो. गावोगावच्या बायकांचे ब्लाउज कित्येक वर्षे असेच बेतले गेले आहेत.

या पद्धतीला मी कमी लेखत नाही. अंगाला हात लावून मोजमाप नको वाटणाऱ्या बाईची तिने सोय केली. शिवणारीचा वेळ वाचवला. शिवाय मापाच्या ब्लाउजमध्ये आकड्यांपलीकडचे बरेच काही असते: गळा किती खोल चालतो, बाही कोपराच्या किती वर हवी, पट्टी कंबरेला कितपत आवळलेली आवडते. हे सगळे बोलून सांगणे अवघड, जुना कपडा ते न बोलता सांगतो. पण तो कपडा आपल्या चुकाही तितक्याच इमानाने पुढे नेतो. धुऊन धुऊन त्याचा गळा पसरलेला असतो, उरेब भाग ताणलेला असतो, बाई दोन बाळंतपणांनंतर बदललेली असते. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी मुंढा खाली कापला, तर त्यानंतरच्या प्रत्येक ब्लाउजचा मुंढा खालीच जातो. आणि "दंडात जरा सैल करा" ही तक्रार दर वेळी नव्याने येते, कारण शिवणारी दर वेळी बाहीची शिवण अर्धा इंच सोडते आणि दुखणे भलतीकडेच असते.

हे पुस्तक त्या भलतीकडच्या जागा शोधायला शिकवते. ज्यांना मशीन चालवता येते, सूत्र लावून ब्लाउज, कुर्ता, परकर कापता येतो, आणि तरीही कपडा अंगात घातल्यावर कुठेतरी ओढ, कुठेतरी झोळ दिसतो, त्यांच्यासाठी ते आहे. कागदी कटिंग हातात आल्यावर ते समोरच्या अंगाप्रमाणे कसे बदलायचे, एवढाच त्याचा विषय. विषय लहान वाटतो, पण शिवणकामातली खरी विद्या इथूनच सुरू होते असे माझे ठाम मत आहे.

शिवणक्लासमध्ये काय शिकवतात ते आधी पाहू. पहिल्या दिवशी टेप, खडू, कात्री, वही. मग खाकी कागदावर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर आकृती. छाती ३६ असेल तर पुढच्या आणि मागच्या भागाला छातीचा चौथा हिस्सा आणि त्यात सैलपणा. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, म्हणजे तीन इंच. मुंढ्याची खोलीही छातीच्याच हिश्शावरून, पद्धतीनुसार इंच-अर्धा इंच कमीजास्त. मुंबईत झारापकरांनी बसवलेली कटिंगची पद्धत आणि तिची पुस्तके कित्येक मराठी शिवणवर्गांचा आधार झाली, ती याच शिस्तीमुळे. एक आकडा घ्या, त्यावरून बाकीचे काढा. शाळा अर्धवट सुटलेली मुलगीही हे भागाकार चार दिवसांत पाठ करते आणि महिन्याभरात अंगावर घालता येईल असा ब्लाउज शिवते. ही सूत्रे नसती तर घरोघरी शिवणकाम पोहोचलेच नसते.

मात्र या सूत्रांच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे, आणि ते क्लासमध्ये क्वचितच उघड करून सांगितले जाते. गृहीत असे की छाती मोठी म्हणजे गळाही रुंद, मुंढाही खोल, खांदाही त्याच प्रमाणात मोठा. सगळे शरीर छातीच्या मागोमाग वाढते, असे कागद समजून चालतो.

आता ३६ छातीच्या दोन बायका घ्या. दोघींची वरची छाती, म्हणजे काखेतून टेप नेऊन स्तनांच्या वर मोजलेला घेर, पाहा. एकीचा भरतो ३३, दुसरीचा साडेपस्तीस. पहिलीची हाडे बारीक, पाठ अरुंद, छाती भरलेली. दुसरीची पाठ रुंद, खांदे भरदार, छाती बेताची. टेपवर दोघींचा आकडा एकच, त्यामुळे क्लासच्या हिशेबाने दोघींचे कटिंगही एकच. पहिलीच्या अंगावर त्या कटिंगचा गळा खांद्यावरून घसरतो, मुंढ्यात चुन्या पडतात, आणि तरीही समोरची हूकपट्टी ताणते. दुसरीच्या पाठीवर तोच ब्लाउज ताणतो आणि पुढे टक्सच्या टोकाशी कापडाची रिकामी पिशवी लोंबते. पहिलीला ३४ चे कटिंग धरून फक्त पुढच्या भागात छातीपुरते उघडायला हवे. एकूण दोन इंच कमी पडत असतील, तर कागदावर तो भाग अर्धाच काढलेला असल्याने तिथे एक इंच उघडायचे. दुसरीला पाठरुंदी वाढवून टक्स लहान करायचा. दोन्ही बदल कागदावर करायला पाव तास पुरतो, पण करायचा कुठे हे कळायला नजर लागते.

छातीवरून शरीर सांगता येत नाही, हे मी एकटी म्हणत नाही. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने लहानमोठ्या ठरावीक मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले आणि घरी शिवणाऱ्या बायकांचे जग बदलून गेले. मधल्या मापाचा एक तुकडा काढायचा आणि ठरावीक पायऱ्यांनी तो मोठा-लहान करत जायचा, ही त्यामागची रीत. आजचे सगळे तयार कपडे याच रीतीवर उभे आहेत. पुढे १९३९-४० च्या सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्याने जवळजवळ १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाचा एक निष्कर्ष असा की छातीच्या एकट्या मापावरून बाकीच्या अंगाचा भरवशाचा अंदाज येत नाही, उंची आणि वजन मिळून तो अधिक चांगला येतो. तोवर पॅटर्न मात्र छातीवरूनच विकले जात होते, आणि बहुतांशी आजही जातात. त्या पाहणीत निष्कर्षांसाठी फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे धरली गेली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे. भारतीय अंगाची स्वतःची मापे असावीत म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेने अगदी अलीकडे इंडियासाइझ ही पाहणी हाती घेतली. मुंबईसह देशातल्या सहा शहरांत मिळून २५,००० माणसांची मापे यंत्राने टिपायची, अशी तिची आखणी. म्हणजे इतकी वर्षे आपल्याकडच्या तयार कपड्यांवरचे आकडे बऱ्याच अंशी परक्या अंगांवरून आलेले होते.

आपल्या जिल्ह्याला तर हा प्रश्न घरचा आहे. सोलापूरच्या गिरण्या थंडावल्या, पण शहरातले तयार कपड्यांचे कारखाने वाढले, आणि शालेय गणवेशासाठी सोलापूरचे नाव देशभर झाले. २०१७ मध्ये तिथे गणवेश उत्पादकांचे मोठे प्रदर्शनही भरले होते. गणवेश म्हणजे २२, २४, २६, २८ अशा नंबरांची दुनिया. एका वर्गातली दोन मुले एकाच नंबराच्या शर्टात घातली की एकाच्या बाह्या मनगटाखाली जातात, दुसऱ्याच्या पोटावर बटणे ताणतात. कारखान्याला याहून वेगळे करता येणार नाही, कारण कापडाचे अनेक थर एकावर एक रचून एका वेळी कापले जातात. २०२४-२५ या शालेय वर्षात राज्य शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' या धोरणाखाली कापडाची एकत्रित खरेदी करून महिला बचत गटांकडून गणवेश शिवून घेतले. कुठे ते उशिरा पोहोचले, कुठे मुलांच्या मापात बसेनात, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. त्या काळात ज्या बायकांना शिवण उसवून, माया सोडून, कमरेला चुणी घालून तो गणवेश मुलाच्या अंगाला आणता येत होता, त्यांच्या दारात गर्दी झाली असेल तर मला नवल वाटणार नाही. मापाचा नंबर राज्याच्या राजधानीत ठरतो, पण तो शर्ट घालणारे पोर जेऊरच्या झेडपी शाळेत असते. त्या दोघांच्या मध्ये बदल करणारा हात लागतोच.

इथे थोडे आमच्या भागाच्या अंगाविषयी बोलले पाहिजे, कारण पुस्तके त्याविषयी गप्प असतात. जेऊर हे मुंबई-सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन. उजनी धरणाचे पाणी आले तसा भोवतीच्या शिवारात ऊस आला, केळी आली. इथल्या बायका खुरपणीला वाकतात, उसाची मोळी डोक्यावर घेतात, चाऱ्याचा भारा उचलतात, आणि संध्याकाळी पुन्हा घरचे सगळे. वर्षानुवर्षांच्या या कामाने दंड भरतात, पाठ रुंदावते, खांदे पुढे झुकतात. बाजू ठरलेली असेल तर एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली येतो. छापील कटिंगमधली बाई सरळ उभी असते, तिचे हात खाली सोडलेले असतात. आमच्या बाईचे दोन्ही हात दिवसातला बराच वेळ वर असतात. तिचा ब्लाउज हात वर केल्यावर कसा बसतो यावरच त्याची परीक्षा होते.

आणि याच ठिकाणी बहुतेक शिवणाऱ्या मुली उलटा उपाय करतात. बाई म्हणते काखेत काचते, म्हणून त्या मुंढा आणखी खाली कापतात. वाटते जागा वाढली. प्रत्यक्षात मुंढा जितका खाली, तितकी बाही अंगाच्या जास्त खालच्या भागाला जोडलेली. हात वर केला की बाही आपल्याबरोबर सगळा ब्लाउज वर ओढते. पट्टी छातीवर चढते, पोट उघडे पडते, बाई दर दोन मिनिटांनी ब्लाउज खाली ओढत राहते. मुंढा काखेजवळ, वर ठेवला आणि पाठरुंदी पुरेशी दिली, की हात मोकळा फिरतो आणि पट्टी जागची हलत नाही. बाहीचा वरचा गोलवा, ज्याला क्लासमध्ये कॅप म्हणतात, तो उंच ठेवला तर हात खाली असताना बाही गुळगुळीत दिसते पण उचलताना अडते. बसका आणि रुंद केला तर हात उचलता येतो, खाली मात्र काखेत थोड्या चुन्या राहतात. लग्नाच्या शालूवरचा ब्लाउज आणि रानात घालायचा ब्लाउज यांची कॅप एकच असू नये. एवढी एक गोष्ट वाचकाने या पुस्तकातून घेतली, तरी माझ्या मते त्याची किंमत वसूल झाली. म्हणूनच मुंढ्याचे प्रकरण यात सगळ्यांत लांब आहे.

आपल्या जुन्या कपड्यांना हे ठाऊक होते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगातली पैरण पाहा. तिचे भाग जवळजवळ सगळे सरळ, चौकोनी. गोल मुंढा नाही, आणि काखेत एक लहानसा चौकोनी तुकडा वेगळा जोडलेला. त्या तुकड्यामुळे हात वर गेला की कापड उघडते आणि खाली आला की मिटते. कापड वाया जात नाही, नांगर धरणाऱ्याचा हात अडत नाही. अंगाबरोबर वाकणाऱ्या कापडाचा हा विचार आपल्याकडे होताच. पुढे शिवणकाम शाळेत आणि वर्गात आले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने बायकांना शिवण शिकवले आणि त्या संस्थेचे काम सोलापुरातही पोहोचले. त्या काळी हातात कला आलेल्या एकट्या बाईला तिचा किती आधार झाला असेल, याची कल्पना आज करणे अवघड आहे. आज आयटीआयमध्ये वर्षभराचा शिवणाचा अभ्यासक्रम आहे, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही धरले आहे. मशीन मिळते, प्रमाणपत्र मिळते. पण अंगावर घातलेला कपडा बघून दोष कुठे आहे हे ओळखायला शिकवणारी जागा अजून फार थोडी आहे.

ते ओळखायचे कसे? कापड स्वतः सांगते. सुरकुती ही कापडाने दाखवलेली खूण आहे. ती कुठून निघते आणि कोणत्या दिशेला जाते ते बघा. ताणलेल्या, टणक सुरकुत्या एखाद्या बिंदूकडे धावत असतील, तर त्या बिंदूशी कापड कमी आहे. सैल, लोंबत्या घड्या पडत असतील, तर तिथे कापड जास्त आहे. गळ्याच्या कडेपासून काखेकडे तिरप्या लोंबत्या घड्या उतरत असतील, तर खांदे उतरते आहेत आणि कागदाने ते सरळ धरले आहेत. मानेखाली आडवी घडी येऊन खांद्याच्या टोकाशी ताण असेल, तर उलट, खांदे चौकोनी आहेत. पाठीला बाक आला असेल तर ब्लाउजची मागची पट्टी वर उचलली जाते आणि गळा मानेपासून सुटतो. तिथे पाठीच्या कागदावर खांद्याच्या हाडांच्या रेषेत आडवा छेद घेऊन तो उघडायचा. कंबरेच्या वर पाठीमागे आडव्या वळ्या पडत असतील, तर तिथली लांबी जास्त आहे. कागदावरच आडवी चिमूट घ्यायची. मागच्या शिवणी आत घेऊन काही होत नाही, उलट पाठ ताणते. कुर्ता शिवणाऱ्या मुलींचा सगळ्यांत जास्त वेळ याच एका गैरसमजात जातो.

या खुणा आरशात बघता येत नाहीत, निदान पाठीच्या तरी नाहीत. कपडा घातलेल्या बाईला वळायला, वाकायला, हात वर करायला, बसायला सांगावे आणि दोन पावले मागे उभे राहून बघावे. जवळून शिवण दिसते, तोल दिसत नाही. हल्ली प्रत्येकीकडे मोबाईल आहे, तेव्हा समोरून, बाजूने आणि मागून फोटो घेऊन ठेवणे सोपे झाले आहे. दोष पुसटसा असला तर फोटोत तो ठसठशीत दिसतो. अर्थात बाईची परवानगी घेऊन, शक्यतो तिच्याच फोनवर.

बदल करताना तीन पथ्ये पाळायची, आणि ती या पुस्तकात पानोपानी येतील. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. कागदावरची उभ्या सुताची रेषा प्रत्येक बदलानंतर पुन्हा सरळ आखायची. ती हलली तर कापड तिरपे लागते आणि ब्लाउज दोन धुण्यांत पिळतो. आणि जोडीचा भाग विसरायचा नाही. पुढचा खांदा अर्धा इंच वाढवला की मागचाही वाढला पाहिजे, मुंढ्याचा घेर बदलला की बाहीची कॅपही त्याच्या हिशेबाने बदलली पाहिजे. अर्धवट बदललेले कटिंग न बदललेल्यापेक्षा वाईट, कारण ते शिवताना एकमेकांत बसत नाही आणि मग बाही ओढून-ताणून बसवली जाते.

नव्या कटिंगचा पहिला प्रयोग भारी कापडावर करू नये, हे सगळ्यांना पटते आणि कोणी करत नाही. त्यामागे पैशाचे कारण आहे, आळसाचे नाही. ब्लाउजच्या शिलाईत मिळते किती, त्यात आणखी एक चाचणीचा ब्लाउज कुठून शिवायचा? म्हणून इथे सुचवलेला मार्ग असा: प्रत्येक गिऱ्हाइकासाठी आयुष्यात एकदाच मांजरपाटाचा साधा ब्लाउज कच्च्या टाक्याने घालून बघायचा. अस्तर नाही, हूक नाही, पट्टी नाही. समोर टाचण्या लावायच्या. त्यावर खडूने खुणा करायच्या, उसवायचा, आणि त्या खुणा कागदावर उतरवून त्या बाईच्या नावाने कागद ठेवून द्यायचा. त्यानंतरचे सगळे ब्लाउज त्याच कागदावरून. पहिल्या वेळी तास-दीड तास जास्त जातो. पुढे प्रत्येक ब्लाउजमागे उसवाउसवीचा वेळ वाचतो. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे असे कागद एका दोरीला टांगून ठेवले, की मापाच्या ब्लाउजांच्या पिशव्या हळूहळू कमी होतील. कागद ताणत नाही आणि धुवायला जात नाही. वजन बदलले, बाळंतपण झाले, तर त्यावर तारीख घालून नवी रेघ मारता येते.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही प्रस्तावना लिहायला होकार दिला, ती सांगते. शिवायला येणाऱ्या बायका स्वतःच्या अंगाविषयी कसे बोलतात ते ऐकून मला फार वाईट वाटत आले आहे. "माझं अंगच आडमाप हाय." "माझ्या पाठीला काही बसतच न्हाई." "पोट सुटलंय, आता काय फिटिंग बघायची." सोळा वर्षांची मुलगीही असे बोलते आणि साठीची आजीही. शिवणारी मग समजूत घालते, किंवा त्याहून वाईट म्हणजे हसून दुजोरा देते. पण दोष कागदाचा असतो. कोणीतरी कधीतरी एक सरासरी काढली आणि त्या बाईचे अंग त्या सरासरीत बसले नाही, एवढेच घडलेले असते. शिवणारीला बदल करता येत असेल तर ती म्हणू शकते, "काकू, तुमचे खांदे उतरते आहेत, मी तिथे पाव इंच घेते, बघा कसा बसतो." या वाक्यात अंगाला कुठलेच बोल लावलेले नाहीत. शस्त्रक्रियेत एक स्तन काढावा लागलेली बाई, कुबड असलेली बाई, एक हात दुसऱ्यापेक्षा बारीक असलेली मुलगी, बाळाला अंगावर पाजणारी आई, यांच्यासाठी या पुस्तकात वेगळे प्रकरण केलेले आहे, आणि ते शेवटी न टाकता मधोमध ठेवले आहे. अशा बायका आमच्याकडे येतच नाहीत असे शिवणाऱ्या म्हणतात. त्या येतात, फक्त सांगत नाहीत, आणि ढगळ ब्लाउज घेऊन जातात.

या पुस्तकात काय नाही तेही सांगून ठेवते. नव्या फॅशनचे गळे यात नाहीत. ते मोबाईलवर रोज नवे मिळतात. कोट आणि पुरुषी पँट नाही, कारण त्यांचे शास्त्र वेगळे आणि मोठे आहे. कटोरी आणि प्रिन्सेस कट मात्र आहेत, कारण त्यांत टक्स शिवणीत लपलेला असतो आणि बदल करायची जागा सापडत नाही म्हणून मुली घाबरतात. खरे तर ते साध्या टक्सच्या ब्लाउजपेक्षा बदलायला सोपे आहेत: शिवण छातीच्या उंचवट्यावरून किंवा त्याच्या कडेनेच जाते, तेव्हा तिथेच कमीजास्त करता येते. बाजारात मिळणारे नंबरांचे तयार पेपर कटिंगचे संच वापरणाऱ्यांनीही हे पुस्तक तितक्याच निश्चिंतपणे वापरावे. नंबर छातीवरून न निवडता वरच्या छातीवरून निवडावा, आणि मग पुढचे बदल करावेत, म्हणजे खांदा आणि गळा पहिल्यापासून जागेवर येतात.

सगळी मापे इंचात आहेत, कारण आपल्याकडे टेप दोन्ही बाजूंनी छापलेला असला तरी बोलतात सगळे इंचातच. पाव इंचाहून लहान बदल कुठेच सांगितलेला नाही. घरच्या मशिनीवर, अस्तराच्या जाडीत, तो टिकत नाही.

प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्यांच्याकडे काखेची तक्रार जास्त येते त्यांनी मुंढ्यापासून सुरुवात करावी. ज्या कुर्ते शिवतात त्यांनी पाठ आणि कंबरेपासून. मात्र मापे घेण्याचे पहिले प्रकरण सगळ्यांनी वाचावे, वर्षानुवर्षे शिवणाऱ्यांनीही, कारण त्यात नेहमीच्या मापांखेरीज वरची छाती, पाठरुंदी, मानेपासून टक्सच्या टोकापर्यंतचे अंतर आणि हात पुढे केल्यावरची पाठ अशी चार मापे आहेत, जी क्लासमध्ये बहुधा घेतली जात नाहीत. सुरुवातीला दीड मीटर मांजरपाट, जुनी वर्तमानपत्रे, टाचण्या, दोन रंगांचे खडू आणि चिकटपट्टी एवढे जवळ असू द्या. पहिला प्रयोग स्वतःच्याच ब्लाउजवर करणार असाल तर सोबत एखादी मैत्रीण, जाऊ किंवा नणंद हवी. पाठीची मापे तिनेच घ्यायची, आणि टेप कुठून कुठे धरायचा त्याची आकृती पुढच्याच पानावर आहे.